रिकॉम्बिनंट विषाणू-प्रोटीन: प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी गेली बरीच वर्षं प्रोटीन बनवण्याचं आणि मागवण्याचं काम बघतो. दर जुलैत नवे प्रकल्प-विद्यार्थी येतात, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तेच प्रश्न पुन्हा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. क्रम माझा आहे. घाईत असाल तर हवा तो प्रश्न शोधा, पण तिसरा मात्र वगळू नका.

रिकॉम्बिनंट विषाणू-प्रोटीन म्हणजे नक्की काय?

विषाणूच्या एका प्रोटीनचं जनुक घ्यायचं, ते दुसऱ्याच कुठल्या तरी पेशीत घालायचं आणि त्या पेशीकडून ते प्रोटीन बनवून घ्यायचं. पेशी जिवाणूची असेल, यीस्टची, किड्याची किंवा माणसाची. अख्खा विषाणू त्यात कुठेच नसतो.

याचं जुनं आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे हेपटायटिस बीचं पृष्ठभागावरचं प्रोटीन. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस बाधित माणसांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून केलेली होती. विषाणूचे रिकामे कण रक्तातून वेगळे काढायचे, उरलासुरला विषाणू मारायचा आणि टोचायचं. पुढे तेच जनुक यीस्टमध्ये घातलं, तर यीस्टने तसेच २२ नॅनोमीटरचे कण बनवून दिले. १९८६ मध्ये ती लस आली आणि कुणाच्या रक्तावर अवलंबून राहायची गरज संपली. भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आपली लस आणली. तुमच्या हातातली व्हायल त्याच घराण्यातली, फक्त ती टोचायची नाही.

यातून संसर्ग होऊ शकतो का?

नाही. शुद्ध केलेल्या प्रोटीनमध्ये विषाणूचा जनुकसंच नसतो, त्यामुळे ते स्वतःची नक्कल करू शकत नाही. जनुकासाठीही हल्ली विषाणू हाताळावा लागत नाही. प्रसिद्ध झालेला क्रम बघून डीएनए कृत्रिमरीत्या बनवून मागवता येतो.

म्हणून हातमोजे काढून बसू नका. काही विषाणू-प्रोटीन पेशींवर स्वतंत्रपणे परिणाम करतात, एचआयव्हीचं टॅट हे त्यातलं नावाजलेलं. शिवाय बाटलीत प्रोटीनच्या जोडीला आणखी काय आहे तेही वाचा. सोडियम अझाइड जंतू वाढू नयेत म्हणून घालतात. ते विषारी असतं, तुमच्या जिवंत पेशी मारतं आणि एलायझातल्या (प्लेटवर येणाऱ्या रंगावरून प्रोटीन किंवा अँटिबॉडी मोजायची चाचणी) रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाही अडवतं. दोन दिवस रंगच येत नाही म्हणून रडणाऱ्या एका मुलीच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) शेवटी अझाइडच निघालं होतं.

एकाच प्रोटीनच्या चार वेगवेगळ्या किमती का? स्वस्तातलं घेतलं तर काय बिघडतं?

नाव एकच असतं, वस्तू वेगळी असते. कॅटलॉगमधलं नाव म्हणजे फक्त आडनाव. विषाणूच्या कुठल्या स्ट्रेनचं (उपप्रकाराचं), कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत, कुठल्या पेशीत बनवलेलं, कुठला टॅग (प्रोटीन पकडून शुद्ध करायला जोडलेला तुकडा) लावलेलं आणि कुठल्या बफरमध्ये ठेवलेलं, हे पाच तपशील कळल्याशिवाय मी ऑर्डरवर सही करत नाही. त्यात सगळ्यात महाग पडणारा तपशील पेशीचा.

ई. कोलाय हा जिवाणू सगळ्यात स्वस्त. बीएल२१ जातीचा स्ट्रेन, जनुकापुढे टी७ प्रोमोटर हा स्विच, तो दाबायला थोडं आयपीटीजी, आणि दुसऱ्या दिवशी प्रोटीन हातात. पण हा गडी प्रोटीनवर आपल्या पेशींसारखी साखर चढवत नाही, आणि सिस्टिन या अमिनो आम्लाच्या जोड्यांमधले डायसल्फाइड बंध त्याच्या पेशीद्रवात नीट जुळत नाहीत. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरची प्रोटीनं बहुतेक वेळा या दोन गोष्टींवरच उभी असतात. मग त्यांची घडीच, म्हणजे नीट वळलेला आकारच, पडत नाही, ती पेशीत गोळे होऊन बसतात. त्या गोळ्यांना इन्क्लूजन बॉडी म्हणतात. ८ मोलर युरियात किंवा ६ मोलर ग्वानिडिनमध्ये ते विरघळवून, हळूहळू युरिया काढत पुन्हा घडी घालता येते. कधी जमतं, कधी सगळं पांढरं होऊन तळाशी बसतं.

यीस्ट साखर चढवतं, पण मॅनोजची लांबलचक लडी लावतं. आपल्या पेशी तसं करत नाहीत.

कीटकपेशी मधला मार्ग. यातली एसएफ९ ही पेशी आली कुठून माहीत आहे? स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा नावाच्या पतंगाच्या कोषातल्या अंडाशयापासून. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ मध्ये भारतात शिरली आणि मक्याच्या पोंग्यात बसून पिकाची चाळण करून गेली. आमच्या लॅबमधला सोलापूरकडचा एक मुलगा हे ऐकून म्हणाला होता, ‘सर, बापाने जिच्यावर फवारण्या केल्या, तिलाच मी इथे दूध पाजतोय.’ या पेशींना बॅक्युलोव्हायरस या कीटकांच्या विषाणूमार्फत जनुक देतात. घडी छान पडते, साखर चढते, मात्र ती आखूड आणि साधी असते.

शेवटी माणसाच्या पेशी. एचईके २९३ ही पेशी १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे तयार झाली. चिनी हॅमस्टरपासून आलेली सीएचओ तर त्याहून जुनी, १९५७ ची. साखर, घडी, बंध सगळं मूळच्या जवळपास मिळतं. त्याची किंमत मोजावी लागते, कारण पेशी वाढायला वेळ लागतो आणि माध्यम महाग असतं.

मग ई. कोलायमधलं घ्यायचंच नाही?

असं कुठे म्हटलं? साखर नसलेली, विषाणूच्या आत राहणारी प्रोटीनं तिथे उत्तम बनतात. एचआयव्हीचं पी२४, हेपटायटिस बीचं कोअर, कोरोनाचं मुख्य प्रोटिएज, कोरोनाचंच न्यूक्लिओकॅप्सिड. यांच्यासाठी एचईकेचे पैसे मोजणं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला टॅक्सी करणं. वेस्टर्न ब्लॉटसाठी (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) प्रोटीन तुम्ही एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळणारच असाल, तर मूळ घडीची चिंता तशीही उरत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. माणसाच्या रक्तात ई. कोलायविरुद्धच्या अँटिबॉडी असतातच, तो जिवाणू आपल्या आतड्यातला भाडेकरू आहे. प्रोटीन पुरेसं शुद्ध नसेल तर निरोगी माणसाचा सीरमही एलायझात पिवळा पडतो, आणि तो तुमच्या विषाणूमुळे पडला असं वाटत राहतं. सीरम आधी ई. कोलायच्या लायसेटसोबत (फोडलेल्या पेशींच्या रसासोबत) ठेवून त्या अँटिबॉडी शोषून घेणं हा जुना उपाय अजूनही चालतो.

डेंग्यूच्या एनएस१ चा एलायझा चालत नाही. वेस्टर्नमध्ये पट्टा मात्र झकास येतो. हे कसं?

या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एनएस१ हे ३५२ अमिनो आम्लांचं प्रोटीन. प्रत्येक रेणूत १२ सिस्टिन असतात, त्यांचे ६ डायसल्फाइड बंध होतात, आणि साखर दोन ठिकाणी चढते. बाधित पेशीच्या पटलावर ते जोडीने राहतं. रक्तात येतं तेव्हा तीन जोड्या मिळून सहांचा एक पिंपासारखा आकार झालेला असतो, आणि त्या पिंपात स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत आपण जी एनएस१ चाचणी करतो, ती हा सहांचा संच पकडते.

मी जे विकत घेतलं होतं ते ई. कोलायमधलं, इन्क्लूजन बॉडीतून काढलेलं आणि युरियातच ठेवलेलं. नाव एनएस१, शुद्धता ९५ टक्के, किंमत निम्मी. शेजारच्या गटाने दिलेली मोनोक्लोनल (एकाच ठरावीक जागेला चिकटणारी) अँटिबॉडी मूळ सहांच्या संचाविरुद्ध उठवलेली होती. अँटिबॉडी ओळखत होती वळलेला आकार आणि मी तिच्यासमोर ठेवत होतो सरळ केलेला दोरा. तीन आठवडे कोटिंग बफर बदल, ब्लॉकिंग बदल, अँटिबॉडीचं प्रमाण बदल, असं चाललं. युरियाचा उल्लेख डेटाशीटच्या दुसऱ्या पानावर तळाला होता. तेव्हापासून मी डेटाशीट उलटीकडून वाचतो.

तुमच्या वेस्टर्नमध्ये पट्टा येतो, कारण तिथली अँटिबॉडी बहुधा सरळ तुकडा ओळखणारी आहे. एलायझासाठी माणसाच्या किंवा कीटकाच्या पेशीतलं, स्रवलेलं एनएस१ घ्या, आणि ते सहांच्या संचात आहे हे दाखवणारा साइज एक्सक्लूजनचा (रेणू आकारानुसार वेगळे करण्याचा) आलेख मागा.

डेंग्यूचे चार सिरोटाइप (उपप्रकार) आहेत, त्यामुळे तुमच्याकडचं एनएस१ कितव्याचं हेही बघा. झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाइल ही सगळी भावंडंच. अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीत एकाचा सीरम दुसऱ्याच्या प्रोटीनला चिकटतो. आपल्याकडे लोकांना यातल्या दोन-तीन विषाणूंची बाधा आयुष्यात होऊन गेलेली असू शकते, त्यामुळे युरोपात बसून ठरवलेला कट-ऑफ इथे जसाच्या तसा लावू नका.

कोविडच्या अँटिबॉडी मोजायच्या आहेत. स्पाइक घेऊ की न्यूक्लिओकॅप्सिड?

स्पाइक म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचा काटा, न्यूक्लिओकॅप्सिड हे आतलं प्रोटीन. आधी प्रश्न काय आहे ते ठरवा. लशीने अँटिबॉडी आल्या की संसर्गाने, हे बघायचं असेल तर परदेशी शोधनिबंधांत एक सोपं सूत्र सापडतं: न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या म्हणजे संसर्ग झाला होता, फक्त स्पाइकविरुद्ध सापडल्या म्हणजे लस. तिथल्या बहुतेक लशी केवळ स्पाइकच्या असल्याने ते सूत्र चालतं. आपल्याकडे कोविशील्ड घेतलेल्यालाही ते लागू पडतं. पण कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला अख्खा विषाणू, त्यात न्यूक्लिओकॅप्सिड आहेच. कोव्हॅक्सिन घेतलेल्या माणसात न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या तर त्यावरून संसर्गाचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही लशींचे नमुने एकाच डब्यात असतील तर आधी ते वेगळे करा, प्रोटीनची ऑर्डर नंतर द्या.

जाता जाता: २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जो कवच एलायझा बनवला, त्यात रिकॉम्बिनंट प्रोटीन नव्हतंच. निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू प्लेटवर बसवला होता. विषाणू वाढवण्याची सोय आणि तशी बंदिस्त प्रयोगशाळा हाताशी असली की तो रस्ता जवळचा पडतो. तुमच्या-माझ्याकडे ती नसते, म्हणून प्रोटीन.

न्यूक्लिओकॅप्सिडबद्दल एक तक्रार हमखास येते. त्याचं कामच आरएनए गुंडाळणं. ई. कोलायमध्ये बनवलं की ते ई. कोलायचाच आरएनए गुंडाळून बाहेर येतं. २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर बघा. शुद्ध प्रोटीनचं ०.६ च्या आसपास असायला हवं. १ च्या वर गेलं असेल तर तुम्ही मोजलेली बरीचशी ‘प्रोटीनची मात्रा’ आरएनएची आहे. कॉलमवर असतानाच जास्त मिठाच्या बफरने धुवा, आरएनए तोडणारं आरएनएज वापरा.

स्पाइक ट्रायमर, आरबीडी, एस१, एस-२पी, हेक्साप्रो… यातलं काय मागवू?

अख्खा स्पाइक १२७३ अमिनो आम्लांचा. साधारण ३१९ ते ५४१ हा तुकडा म्हणजे आरबीडी, जो आपल्या पेशीवरच्या एसीई२ या प्रोटीनला चिकटतो. आरबीडी लहान आहे, भरपूर बनतो आणि दणकट आहे. चिकटण्याचे प्रयोग आणि साधा एलायझा यांना तो पुरतो. मात्र स्पाइकविरुद्धच्या सगळ्या अँटिबॉडी आरबीडीवर बसत नाहीत. त्या पाहायच्या असतील तर ट्रायमर, म्हणजे तीन स्पाइकचा एकत्र संच, घ्यावा लागतो.

ट्रायमर हे नाजूक प्रकरण. स्पाइक हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. पेशीत शिरताना तो उसळून आकार बदलतो आणि पुन्हा मागे येत नाही. तो उसळू नये म्हणून ९८६ आणि ९८७ या जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल दोनदा घातलं, तो एस-२पी. टेक्सास विद्यापीठातल्या जेसन मॅकलेलन यांच्या गटाने २०२० मध्ये आणखी चार प्रोलीन घालून हेक्साप्रो केला, आणि उत्पादन साधारण दहापट वाढलं. सोबत फ्युरिन या एन्झाइमची कापण्याची जागा बदललेली असते, आणि शेपटीला टी४ या जिवाणूभक्षक विषाणूचा फोल्डॉन हा तुकडा जोडलेला असतो, तिघांना एकत्र धरून ठेवायला.

इथे एक गोष्ट कुणाचा चटकन विश्वास बसत नाही अशी आहे: एस-२पी ४ अंशाच्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवला तर बिघडतो. गोठवल्याने नव्हे, नुसत्या गारव्याने. थोडा वेळ ३७ अंशाला ठेवला तर बराचसा पूर्ववत होतो. हेक्साप्रो याबाबतीत जास्त सहनशील आहे. ‘सर, मी तर नीट फ्रिजमध्ये ठेवला होता’ असं म्हणणाऱ्या मुलाची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

टॅग काढायचा की ठेवायचा?

सहा हिस्टिडिनचा टॅग एका किलोडाल्टनपेक्षाही (रेणूचं वजन मोजायचं एकक) लहान असतो, बहुतेक वेळा राहिला तरी कुणाला त्रास देत नाही. जीएसटी हा टॅग २६ किलोडाल्टनचा आणि एमबीपी ४० च्या पुढचा, हे पाहुणे घरमालकापेक्षा मोठे होऊ शकतात. आणि जीएसटी जोडीने राहतो, त्यामुळे तुमचं एकटं राहणारं प्रोटीनही जोडीने असल्याचा भास होतो.

प्राण्याला टोचून अँटिबॉडी बनवणार असाल तर टॅगविरुद्धही अँटिबॉडी येतात. मग तपासणीला दुसऱ्या टॅगचं प्रोटीन वापरा. टोचलं हिस टॅगचं आणि तपासलंही हिस टॅगचं, तर काय मोजलं हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

एन्झाइमच्या बाबतीत जास्त जपा. कोरोनाच्या मुख्य प्रोटिएजची पुढची टोकं जोडी जुळवण्यात भाग घेतात. तिथे दोन-चार जादा अमिनो आम्लं राहिली तरी काम मंदावतं. अशा वेळी टॅग मागच्या टोकाला हवा किंवा पुढचा असा कापलेला हवा की मूळचं पहिलं सेरीनच उघडं राहील.

‘शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त’ याचा अर्थ काय घ्यायचा?

एवढाच, की कुणीतरी एसडीएस-पेज जेल रंगवून मुख्य पट्टा एकूण रंगाच्या ९५ टक्के आहे असं मोजलं. घडी बरोबर आहे का, गोळे झालेत का, एंडोटॉक्सिन (जिवाणूचं विष) किती, हे त्यातून कळत नाही. गोळा झालेलं प्रोटीनही एसडीएसमध्ये उकळल्यावर शहाण्यासारखं एका पट्ट्यात धावतं. म्हणून जेलच्या फोटोसोबत साइज एक्सक्लूजनचा आलेख आणि एखाद्या ज्ञात अँटिबॉडीला किंवा रिसेप्टरला चिकटण्याचा आकडा मागा. चांगला विक्रेता देतो. जो टाळाटाळ करतो त्याला मी परत फोन करत नाही.

प्रोटीन घातलं की पेशी सायटोकाइन (रोगप्रतिकाराचे संकेत देणारी प्रोटीनं) सोडतात. विषाणू-प्रोटीनचा परिणाम म्हणून लिहू का?

थांबा. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, तेच एंडोटॉक्सिन. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी त्याला नॅनोग्रॅममध्येच काय, त्याहून कमी मात्रेतही ओळखतात. १ नॅनोग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १० एंडोटॉक्सिन युनिट. प्रोटीनच्या दर मायक्रोग्रॅममागे १ युनिट असलं तरी १० मायक्रोग्रॅम घातल्यावर पेशींच्या तोंडी १ नॅनोग्रॅम गेलंच.

घरच्या घरी करता येणारी चाचणी: थोडं प्रोटीन पाण्यात चांगलं उकळा आणि मग पेशींना द्या. प्रोटीन मोडतं, एंडोटॉक्सिन उष्णता सहन करतं. उकळल्यावरही पेशी तितक्याच चवताळल्या तर तुमचा शोध जिवाणूचा आहे, विषाणूचा नाही. दुसऱ्या नळीत एंडोटॉक्सिनला जखडणारं पॉलिमिक्सिन बी घालून तेच पाहा. पेशींच्या कामासाठी विकत घेताना एलएएल या एंडोटॉक्सिन-चाचणीचा आकडा मागा. ही चाचणी मुळात घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या समुद्री खेकड्याच्या निळ्या रक्तावर चालते. आता त्याला रिकॉम्बिनंट फॅक्टर सीचा पर्याय आहे, म्हणजे रिकॉम्बिनंट प्रोटीन तपासायलाही रिकॉम्बिनंट प्रोटीन.

व्हायल आली, पण आत काहीच दिसत नाही!

सुकवलेलं १०० मायक्रोग्रॅम प्रोटीन म्हणजे किती? मिठाच्या एका कणाएवढं. ते झाकणाला किंवा भिंतीला चिकटलेलं असतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवा. डेटाशीटमध्ये सांगितलेलंच द्रावण सांगितलं तेवढंच घाला, १०-१५ मिनिटं तशीच राहू द्या, मग बोटाने हलकं हलवा. व्हॉर्टेक्स करू नका, फेस येऊ देऊ नका. आणि मिठाचा बफर आधीच सुकवलेला असेल तर साध्या शुद्ध पाण्यात विरघळवायचं असतं. तिथे पुन्हा पीबीएस (मीठ असलेला फॉस्फेट बफर) घातलं की मीठ दुप्पट होतं.

साठवायचं कसं?

पहिल्याच दिवशी लहान भाग करून, एकदाच वापरता येतील अशा नळ्यांत, उणे ८० अंशाला. गोठवणं आणि वितळवणं जितकं कमी, तितकं प्रोटीन शाबूत. फार पातळ ठेवू नका, कमी मात्रेतलं प्रोटीन नळीच्या भिंतीलाच चिकटून संपतं. साध्या फॉस्फेट बफरवर आंधळा विश्वास नको, सोडियम फॉस्फेट गोठताना बराच आम्लधर्मी होतो. घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रिज तर मुळीच नको. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःहून ठरावीक वेळाने गरम होत असतो.

विजेचं काय सांगू. एका मे महिन्यातल्या शनिवारी वीज गेली, जनरेटर व्यवस्थित सुरू झाला, सगळे निश्चिंत. आमचा डीप फ्रीजर मात्र ज्या सॉकेटला होता ते जनरेटरच्या लायनीवर नव्हतं. रंगकाम करताना कुणीतरी प्लग बदलला होता. सोमवारी सकाळी दार उघडलं तर आत ओल. तेव्हापासून प्लगवर लाल चिकटपट्टी आहे, आणि प्रत्येक प्रोटीनच्या निम्म्या नळ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजरमध्ये.

पार्सल कोरड्या बर्फात येणार असेल तर ते शुक्रवारी निघणार नाही एवढं पाहा. विमानतळावर कस्टम्समध्ये शनिवार-रविवार गेला की बर्फ उडून जातो आणि खोका तेवढा तुमच्याकडे पोचतो.

किती मागवू?

गणित साधं आहे. एलायझाच्या प्लेटला दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम, प्रत्येक खळग्यात १०० मायक्रोलिटर. म्हणजे खळग्याला ०.२ मायक्रोग्रॅम. १०० मायक्रोग्रॅममध्ये ५०० खळगे, ९६ च्या पाच प्लेटा. त्यातल्या दोन तरी कोटिंगची मात्रा ठरवण्यात जाणार हे धरा. नवा लॉट येण्याआधी जुन्यातले २० मायक्रोग्रॅम बाजूला ठेवा आणि दोन्ही एकाच प्लेटवर तपासा.

एसपीआर किंवा बीएलआय या, रेणू एकमेकांना कसे चिकटतात ते मोजणाऱ्या, तंत्रांसाठी मागवत असाल तर बफर बघा. ट्रिसमध्ये अमाइन असतं, ते अमाइन कपलिंगच्या वेळी (प्रोटीन चिपवर जोडताना) प्रोटीनची जागा अडवतं. ग्लिसरॉलमुळे सिग्नल उगाच उडी मारतो.

डेटाशीट म्हणते २६ किलोडाल्टन, जेलवर पट्टा ३५ जवळ. चुकीचं प्रोटीन पाठवलं का?

बहुधा नाही. २६ हा नुसत्या अमिनो आम्लांचा हिशेब. वर साखर चढली की पट्टा वर सरकतो आणि पसरट दिसतो. एचआयव्हीच्या जीपी१२० चं नावच त्याच्या १२० किलोडाल्टनवरून पडलं, त्यातलं निम्मं वजन साखरेचं आहे. खात्री करायची तर पीएनजीएज एफ या एन्झाइमने साखर कापा आणि पुन्हा जेल चालवा. पट्टा खाली उतरला की वाद मिटला.

चांदिपुरा किंवा माकडतापाचं प्रोटीन कुठे मिळेल?

जगभर मागणी असलेल्या विषाणूंची प्रोटीनं कॅटलॉगमध्ये रांगेने असतात. आपल्या अंगणातल्या विषाणूंसाठी मात्र कॅटलॉगवर विसंबून प्रकल्प आखू नका. चांदिपुरा १९६५ मध्ये नागपूरच्या चांदिपुरा भागातल्या रुग्णांच्या नमुन्यांत सापडला आणि २००३ मध्ये महाराष्ट्र-आंध्रातल्या मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत पुन्हा समोर आला. माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलातून कळला, आणि २०१५-१६ च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गापर्यंत पोचला.

प्रसिद्ध क्रमावरून जनुक बनवून घ्या. चांदिपुराला पाच जनुकं आहेत, बाहेरच्या आवरणावरचं जी हे त्यातलं एक. ते माणसाच्या किंवा कीटकाच्या पेशीत बनवा, पटलात रुतणारी शेपटी कापून, म्हणजे ते माध्यमात स्रवेल. न्यूक्लिओप्रोटीन ई. कोलायमध्ये जमतं, आरएनएची तक्रार मात्र इथेही येणार. माकडतापासाठी आवरणावरच्या ई प्रोटीनचा तिसरा डोमेन (स्वतंत्र भाग) हा सुरुवातीला सोपा तुकडा आहे, लहान आणि स्वतःच्या बळावर घडी घालणारा.

यासाठी परवानगी लागते का?

तयार प्रोटीन विकत घेऊन एलायझा करणं वेगळं आणि पेशीत जनुक घालून ते बनवणं वेगळं. दुसरं करणार असाल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. पहिली पायरी म्हणजे संस्थेची जैवसुरक्षा समिती. प्रयोग कुठल्या वर्गात बसतो हे ती ठरवते. क्लोन तयार झाल्यावर अर्ज भरायला येणारे दरवर्षी दोघे-तिघे असतात. माणसाचा सीरम वापरणार असाल तर नैतिकता समितीही.

‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं प्रोटीन वापरून रुग्णाला रिपोर्ट देऊ का?

नाही. निदानाचं किट २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं, त्याला परवाना लागतो. ओळखीच्या डॉक्टरने कितीही गळ घातली तरी नाही.

मुदत संपलेल्या नळ्या टाकून देऊ का?

लगेच नको. छापलेली तारीख म्हणजे विक्रेत्याने घेतलेली जबाबदारी, त्या दिवशी प्रोटीन मरत नाही. एक नळी काढा, जोरात फिरवून तळाशी पांढरं काही बसतंय का पाहा, जेल चालवा, आणि बाजूला ठेवलेल्या जुन्या आलेखाशी एलायझा ताडून बघा. जुळलं तर शिकवण्यासाठी, जेलच्या सरावासाठी वापरा. प्रबंधातल्या आकड्यांसाठी नवी व्हायल उघडा. आणि टाकायच्याच ठरल्या तर नळीवरचा लॉट क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या, परीक्षक नेमका तोच विचारतात.